पुस्तक खाल्लेला उंदीर आणि नडगीचं उंबर

एका जंगलात, बाळांनो, खायला पुष्कळ होतं आणि माहिती अजिबात नव्हती. त्यामुळे सगळे सुखात होते.

कोणी केळं खाल्लं तर ते केळं असायचं. फणस खाल्ला तर फणस. खाऊन झालं की ढेकर द्यायचा आणि सावली बघून आडवं व्हायचं. त्यात सत्त्व कोणतं, ते उपाशीपोटी खावं की जेवणानंतर, असं कोणी कोणाला विचारत नसे. तुमच्या घरी सकाळी सहा वाजता फोनवर येतं ना, कोमट पाण्यात हे पिळा आणि ते किसा, तसलं तिथे काही येत नसे. पाणी जसं असेल तसं पीत.

या जंगलाचा राजा होता एक गवा. गोष्टीत राजा सिंहच असला पाहिजे असा काही कायदा नाही, आणि असलाच तर मी वाचलेला नाही. हा गवा अंगाने एवढा, की शिंगं दरबारात आली तरी शेपूट अजून वाटेतच असायचं. गवत खायचा आणि गवत खातो याचा अभिमान बाळगायचा. गवत काय, कोणीही खातं. अभिमान बाळगायला राजा असावं लागतं. राजा शाकाहारी म्हणून दरबार शाकाहारी. भेकर शाकाहारी, वानर शाकाहारी, साळिंदर शाकाहारी.

आणि आपली ठकूआक्काही शाकाहारी. म्हणजे तशी नोंद होती.

ठकूआक्का ही नडगी. नडगी म्हणजे अस्वलीण. नाक लांब, पाय फेंगडे, तोंड फटकळ. नवरा कुठेसा मध शोधायला गेला तो गेला. दोन पिल्लं पदरात, किंवा खरं सांगायचं तर पाठीवर. अस्वलाची पिल्लं आईच्या पाठीवर बसूनच फिरतात. थोरल्याचं नाव गुंड्या, धाकटीचं बारकी.

ती अधूनमधून वाळवी खायची. पण ते आपल्यात ठेवा.

तर त्या वर्षी वैशाख फार कडक होता. चैत्रात मोहाने आक्काला चांगला हात दिला होता. मोहाची फुलं तोडावी लागत नाहीत, बरं का. भल्या पहाटे आपणहून टपटप खाली पडतात, आणि अशी गोड की फूल म्हणावं की खाऊ, ते कळत नाही. आक्का झाडाखाली नुसतं तोंड फिरवायची. पण मोह संपला. जांभळं लागायला अजून वेळ होता. वारुळाची माती उन्हाने दगड झाली होती आणि ती उकरताना आक्काचं एक नख मोडलं होतं. उरला तो ओढ्याकाठचा उंबर. बुंध्यापासून फांद्यांपर्यंत नुसता घोसांनी लगडलेला. पण कच्चा.

"आये, भूक," गुंड्या पाठीवरून म्हणायचा.

"चार दिवस थांब. लाल झालं की खाऊ."

"काल पण चार दिवसच म्हणालीस."

"काल पाच म्हणाले होते. बारके, तू सांग, काल किती म्हणाले?"

बारकीत बोलण्याइतकी ताकद राहिली नव्हती. ती आईच्या पाठीवरचे केस चोखत पडायची.

आता उंबर खायची त्या जंगलाची एक रीत होती. उंबर पिकलं की सगळ्यांनी ओढ्याकाठी पंगतीला बसायचं. उंबर फोडायचं नाही. अख्खं तोंडात टाकायचं, डोळे मिटायचे, चावायचं आणि गिळायचं. डोळे का मिटायचे, हे कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर थोरल्यांनी पाठीत धपाटा घातला असता. सांगितलं मात्र कोणीच नसतं.

'उंबर पिकलं आणि नडगीचे डोळे आले' अशी एक म्हण आहे. म्हणजे सुखाचा घास तोंडाशी आला की नेमकं काहीतरी आडवं येतं. त्या वर्षी आक्काचे डोळे अगदी ठणठणीत होते. त्या वर्षी उंदीर आला.

हा उंदीर साधासुधा नव्हता. खालच्या गावात शाळा होती, शाळेत कपाट होतं, आणि कपाटात वनस्पतिशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक होतं. वीस वर्षं ते कोणी उघडलं नव्हतं. उंदराने ते खाल्लं. पुठ्ठ्यापासून सुरुवात केली, प्रस्तावना संपवली, मग मुळं, खोड, पानं, फुलं अशा क्रमाने तो पुढे गेला. पुष्कळ लोक पुस्तक वाचतात आणि त्यांना ते पचत नाही. याने न वाचता पचवलं होतं.

जंगलात शिरल्या शिरल्या त्याला वानरनाना भेटला. नाना केळं सोलत बसला होता.

"काय खाताय?" उंदराने विचारलं.

"केळं. का रे, दिसत नाही?"

"कुठून काढलंत?"

"झाडावरून. केळं काय विहिरीतून काढतात?"

"झाड!" उंदीर गालात हसला. "अहो, केळ हे झाडच नव्हे. ते एक वाढलेलं रोप आहे. लाकूड औषधालासुद्धा नाही त्यात. तुम्ही ज्याला खोड म्हणता ना, ती नुसती एकात एक गुंडाळलेली पानं आहेत."

नानाचं केळं तोंडापर्यंत जाऊन थांबलं. "म्हणजे मी जन्मभर ज्याच्यावर चढलो..."

"ते रोप होतं. पालेभाजीवर चढत होतात म्हणा ना."

नाना खचला. झाडावर चढणारा म्हणून त्याला जातीत मान होता. दोन दिवस तो केळीकडे फिरकला नाही. शेवटी त्याची बायको म्हणाली, "अहो, भाजी तर भाजी. चढा मुकाट. पोरं उपाशी आहेत."

पण बातमी राजापर्यंत गेली. राजा खूश झाला. "केळ म्हणजे पाला! म्हणजे नाना इतकी वर्षं आमच्यासारखा पालाच खात होता! शाबास! असं काही सांगणारा एक जण दरबारात हवाच." आणि उंदराला माहितीप्रमुख नेमलं. नाव कुरतडकर. इथून पुढे आपणही त्यांना अहोजाहो करू. नेमणूक झालेल्याला अरेतुरे करणं बरं नव्हे.

कुरतडकर सर रोज एक माहिती सांगू लागले. आणि लग्नामागून जसा रुसवा येतो, तसा माहितीमागून नियम येऊ लागला.

सर म्हणाले, "काजूचं बोंड हे खरं फळ नाही. तो देठ फुगलेला असतो. खरं फळ म्हणजे खाली लोंबणारी बी." दरबाराने ठरवलं, देठ खाणाऱ्याने फळ खाल्ल्याचा आव आणू नये.

सर म्हणाले, "कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते."

भेकराने विचारलं, "आणि उरलेली सहा वर्षं काय करते?" भेकराकडे दरबाराची चिटणिशी. ते ओरडलं की दोन डोंगर ऐकू जायचं, म्हणून दवंडीही त्याच्याचकडे.

"वाढते."

"नुसती?"

कारवीला कारणे दाखवा नोटीस गेली.

सर म्हणाले, "बांबूला चाळीस-चाळीस वर्षांनी फुलं येतात आणि फुलं आली की अख्खं बेट मरून जातं." राजाला बांबूची सावली आवडायची. भेकर चार टेकड्यांवर जाऊन ओरडून आलं, "आजपासून बांबूने फुलू नये होऽऽ!" वर दोन साळिंदरं पहाऱ्यावर बसवली. बांबू त्या वर्षी फुलला नाही. तो अजून तेवीस वर्षं फुलणार नव्हताच, पण पहारा यशस्वी झाल्याचं जाहीर झालं.

ठकूआक्का हे सगळं एका कानाने ऐकायची. तिचं सगळं लक्ष ओढ्याकडे. उंदीर बोलतो आणि उंबर पिकतं, तिच्या दृष्टीने या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

चुकली बिचारी.

उंबर पिकलं. घोसच्या घोस लालबुंद. वाऱ्यावर असा गोड वास सुटला की बारकीने दोन दिवसांनी डोळे उघडले. पंगत बसली. वानरं एका बाजूला, भेकरं एका बाजूला, राजा मधोमध, कारण तो दुसरीकडे कुठे मावत नव्हता. आक्का पहिल्याच रांगेत, पिल्लांना दोन बाजूंना घेऊन बसली. गुंड्याने तोंड उघडून ठेवलं होतं.

"सुरुवात करायची?" आक्का म्हणाली.

"थांबा," भेकर म्हणालं, "आधी प्रमुख पाहुण्यांचे दोन शब्द."

बाळांनो, भुकेल्या पोरांच्या आईसमोर 'दोन शब्द' म्हणू नये. पण म्हणून झालं होतं.

कुरतडकर सर एका मुळावर चढले. त्यांनी एक उंबर हातात घेतलं. "मंडळी, तुम्ही याला फळ म्हणता. आता मला सांगा, फळाच्या आधी काय येतं?"

"फूल," वानरनाना म्हणाला.

"उंबराचं फूल कोणी पाहिलंय?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. कोणीच पाहिलं नव्हतं.

"कसं दिसणार? ती फुलं बाहेर नसतातच. हे तुम्ही फळ म्हणून खाता ना, ही एक पिशवी आहे. शेकडो फुलं या पिशवीत आतल्या बाजूला तोंड करून बसलेली असतात. म्हणजे तुम्ही फळ खात नाही, मुठीत मावणारी बाग खाता!"

"वाऽऽ!" दरबार म्हणाला. खरंच, आक्कालाही क्षणभर बरं वाटलं. एवढीशी वस्तू आणि आत बाग! पण सरांच्या हातांची बोटं उंबराच्या दोन बाजूंना गेलेली तिने पाहिली.

"सर, फोडू नका," ती म्हणाली. "आमच्यात फोडत नाहीत."

"का फोडत नाहीत?"

"ते... तशी रीत आहे."

"रीत!" असं म्हणून सरांनी उंबर फोडलं.

आत बारीक बारीक फुलांची दाटी होती. सर सांगत होते ते तंतोतंत खरं होतं. आणि त्या दाटीतून एक चिलटाएवढी माशी बाहेर आली. तिने पंख झटकले. तिच्यामागून दुसरी आली. मग चार-पाच आल्या.

"ही तर फारच मजेची गोष्ट," सर रंगात आले. "ही माशी बारीक भोकातून आत शिरते. शिरताना तिचे पंख गळून पडतात. आत अंडी घालते, फुलांना परागही पोचवते आणि तिथेच मरते. तिची पिल्लं आतच वाढतात. नर तर बिनपंखांचेच, जन्मात बाहेर पडत नाहीत. म्हणजे प्रत्येक पिकल्या उंबरात..."

"थांबा," राजा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "प्रत्येक?"

"बहुतेक."

"आणि आम्ही इतकी वर्षं..."

"चावून खाल्लीत, महाराज."

पंगतीत हाहाकार उडाला. वानरं घशात बोटं घालू लागली. एक भेकर बेशुद्ध पडलं, मग कोणी बघत नाही म्हटल्यावर उठून दुसरीकडे जाऊन पडलं. राजा चार पायांवर उभा राहिला. "आमच्या शाकाहारी दरबारात हे चालणार नाही! उंबर बंद! आजपासून जो उंबर खाईल त्याला डोंगराखाली हद्दपार करू!"

डोंगराखाली माणसांची वस्ती होती. तिथे नडगी दिसली की लोक ढोल आणि काठ्या घेऊन धावायचे.

"महाराज," आक्का म्हणाली, "माझ्या लेकरांना काय घालू?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, आक्का."

"तत्त्व खाऊन भागेल का त्यांचं?"

"पर्यायी आहाराचा विचार चालू आहे," भेकर म्हणालं. दोन्ही साळिंदरं बांबूवरून काढून उंबराखाली बसवली. पिकलेली उंबरं टपाटप खाली पडू लागली आणि त्यांचा चिखल होऊ लागला. आक्का पलीकडच्या काठावर बसून बघायची. गुंड्याने 'चार दिवस' विचारायचं सोडून दिलं. बारकी आता केसही चोखत नव्हती.

तिसऱ्या दिवशी पर्यायी आहाराचं उद्घाटन ठरलं. माळावर सगळे जमले. मधोमध, पाचोळा अंथरून, त्यावर एक मातकट, गाठाळ, म्हशीच्या डोक्याएवढा कंद ठेवला होता.

"सुरण!" कुरतडकर सर म्हणाले. "कंदांचा राजा! अत्यंत पौष्टिक, पोटाला उत्तम, आणि आत कोणीही राहत नाही!"

टाळ्या पडल्या. आक्काने मान लांब करून कंद बघितला आणि ती ताडकन उठली. "महाराज, हा कच्चा खात नाहीत. माझ्या आईने सांगितलंय, हा घशाला..."

"प्रश्नोत्तरं कार्यक्रमानंतर," भेकर ओरडलं.

"अरे, पण घसा..."

"आक्का, खाली बसा. मागच्यांना दिसत नाही."

उद्घाटन म्हणजे पहिला घास राजाचा. राजाने जबडा उघडला आणि पाव कंद तोडून चावला. प्रजेकडे बघून हसला. पुन्हा चावला. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे मोठे झाले. मग जीभ बाहेर आली, ती आत जाईना. राजा गळा एका झाडाला घासू लागला, झाड पडलं, दुसऱ्याला घासू लागला. "खाऽऽ," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. 'खाज' म्हणायचं होतं. लोकांना वाटलं, 'खा' म्हणतोय. दोन वानरांनी आज्ञा पाळली आणि तीही झाडाला घासू लागली.

"सर!" भेकर किंचाळलं. "पुस्तकात पुढे काय लिहिलंय?"

सर ओशाळले. "सुरण पौष्टिक असून पोटाला उत्तम असतो. मात्र..."

"मात्र काय?"

"मात्र इथे पान संपलं होतं. पुढचं पान खाणार, तेवढ्यात मांजर आलं."

एव्हाना आक्का चिंचेखाली पोचली होती. तिने फांदी वाकवून मूठभर चिंचा आणि ओंजळभर कोवळा पाला ओरबाडला आणि ती राजापुढे येऊन उभी राहिली. राजाने तोंड पुढे केलं. आक्काने हात मागे घेतला.

"देते. आंबटाने सुरणाची खाज मरते. पण बोलता यायला लागलं की माझा एक प्रश्न ऐकायचा. सगळ्यांसमोर. कार्यक्रमानंतर नव्हे."

राजाने मान डोलावली. त्या क्षणी तिने जंगल लिहून मागितलं असतं तरी डोलावली असती.

राजाने चिंच चघळली. पाला चघळला. पुन्हा चिंच. अर्ध्या घटकेने जीभ आत गेली. राजाने सुस्कारा सोडला, माळावर अंग टाकलं, आणि गाय-बैल बसल्यावर करतात तसं रवंथ करू लागला. सकाळचं गवत पोटातून तोंडात आणायचं आणि पुन्हा सावकाश चावायचं. त्याने जिवाला बरं वाटतं.

"विचार, आक्का," तो म्हणाला. आवाज अजून घोगरा होता.

आक्का राजाकडे वळलीच नाही. ती सरांकडे वळली.

"सर, गवताच्या एका घासात किडे किती असतात?"

दरबारात कोणाला काही कळलं नाही. राजाला तर नाहीच. पण सरांचा चेहरा उजळला. तो धडा त्यांनी पुरा खाल्ला होता.

"वा! छान प्रश्न!" ते म्हणाले आणि राजाच्या पुढ्यातलीच एक गवताची पेंडी ओढून बसले. "हे बघा. हा मावा. एक, दोन, तीन... अकरा. हे तुडतुडे. ही नाकतोड्याची अंडी. हा कोळी. हा अजून एक कोळी, आणि ही त्याची पिल्लं, ही मोजणं कठीण. एका घासात पन्नास धरा. पावसाळ्यात शंभर."

राजाचा जबडा थांबला.

"आणि महाराज," सर उत्साहाने म्हणाले, "आपण तर रवंथ करता. म्हणजे दोनदा!"

तेवढ्यात गवतातलं कोणीतरी टुणकन उडालं.

"मी तर उंबर एकदाच खाते," आक्का हळूच म्हणाली. "तर डोंगराखाली आधी कोण जातं, महाराज? मोठ्यांचा मान आधी. मी मागून येते."

राजाने तोंडातलं गवत गिळलं. थुंकलं असतं तर कबुली झाली असती. त्याने प्रजेकडे बघितलं. प्रजा आपापल्या पायाखालच्या गवताकडे बघत होती. जो तो मनातल्या मनात मोजत होता.

"कुरतडकर," राजा शेवटी म्हणाला. 'सर' म्हणाला नाही. "त्या दिवशी उंबरातून काय बाहेर आलं म्हणालात?"

"माशी, महाराज."

"नीट आठवा."

"पंख होते, सहा पाय होते..."

"खालच्या गावातल्या त्या शाळेत," राजा आभाळाकडे बघत म्हणाला, "ते मांजर अजून आहे का हो?"

सरांनी डोळे मिटले. त्यांना आठवू लागलं. "उंबराची फुलं आत असतात," ते सावकाश म्हणाले, "हे तर शास्त्र आहे. आतून जे बाहेर आलं, ते... ते फूलच असणार. पिकलं की उडत असावं. होय महाराज! उंबराचं फूल उडतं! हा शोध अजून कुठल्याच पुस्तकात नाही!"

"आणि गवतातलं?"

"गवताचीही फुलंच. काही उडतात, काही सरपटतात. ज्याची त्याची जात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आपण मांसाहारी नाही हे कळल्यावर कोणालाही आनंद होतो. भेकराने तिथल्या तिथे हुकूम तयार केला. "सहा पायांपर्यंतचं सगळं वनस्पती समजावं," असं त्याने लिहिलं.

"कोळ्याला आठ असतात," वानरनाना म्हणाला. आजकाल त्यालाही माहिती असायची.

"मग आठ करतो. एकदाच काय ते ऐसपैस करून टाकू." आणि भेकर टेकडीवर चढून, सगळी ताकद लावून ओरडलं, "आजपासून आठ पायांपर्यंतचं सगळं काही वनस्पती समजावं होऽऽ!"

दोन डोंगर ऐकू गेलं.

आक्काने पुढचं काही ऐकलं नाही. ती पिल्लांना पाठीवर घेऊन ओढ्याकडे धावत सुटली होती. साळिंदरं बाजूला झाली. तिने पहिला घोस ओरबाडला, एक उंबर चुरून बारकीच्या ओठांना लावलं. बारकीने जीभ काढली, चाटलं, थोडा वेळ विचार केला, आणि मग आईच्या बोटासकट तोंडात ओढलं.

मागोमाग दरबारही आला आणि पंगत पुन्हा मांडली गेली. या खेपेला दोन शब्द कोणी म्हटले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, एवढं मोठं जंगल आणि त्यात वाघ कसा नव्हता? अहो, होता की! मी वाट बघत होतो कोण विचारतंय त्याची. दुसऱ्या डोंगरावर असायचा. शाकाहारी दरबारात त्याला कोण बोलावणार? पण त्याला कान होते.

पंगत अर्ध्यावर आली असेल, तेवढ्यात तो ओढा ओलांडून आला. अंग चोरून, अगदी नव्या पाहुण्यासारखा. "नमस्कार मंडळी," तो म्हणाला. "आत्ताच दवंडी ऐकली. इतकी वर्षं मला माझ्याबद्दल गैरसमज होता हो. मीही तुमच्यातलाच निघालो. पक्का शाकाहारी. आठच्या आतलंच खातो मी. बहुतेक वेळा चार." आणि तो भेकराशेजारच्या पानावर येऊन बसला.

भेकराने आपले पाय मोजले.

मग काय झालं ते नीटसं सांगता येत नाही, कारण धूळ फार उडाली. वानरं झाडावर गेली, काही तर केळीवरसुद्धा. राजाचं शेपूट पहिल्यांदाच शिंगांच्या आधी दरबाराबाहेर पडलं. घटकेत उंबराखाली आठ-दहा पानं वाढलेली आणि जेवणारं कोणी नाही.

ठकूआक्का तेवढी जागची हलली नाही. नडगीच्या वाटेला वाघ सहसा जात नाही, आणि जेवणाऱ्या पोरांच्या आईच्या वाटेला तर मुळीच नाही. तिने एकदा वाघाकडे बघितलं, गुंड्याच्या पुढ्यात अजून एक घोस टाकला आणि म्हणाली, "हळू खा रे. आता गर्दी नाही."

वाघाने इकडेतिकडे बघितलं. मुळाच्या फटीत कुरतडकर सर अडकले होते. पोट जरा सुटलं होतं नेमणुकीनंतर.

"सर," वाघाने अदबीने विचारलं, "एक शंका होती. उंदीर हे फळ, की कंद?"

आणि बाळांनो, त्या जंगलात पहिल्यांदाच असं घडलं, की सर काहीही माहिती न देता फटीतून निसटून गेले.

तात्पर्य: अर्धवट ज्ञान धोक्याचं असतं, असं तुम्हाला शाळेत सांगतील. काही नसतं धोक्याचं. त्यावर नेमणूक होते. हुकूम तेवढा अंगाबरोबर बेतून घ्यावा. ऐसपैस बेतला, की उरलेल्या जागेत वाघ येऊन बसतो. आणि मोठी माणसं हे सगळं बेतत असताना ज्याला भूक लागली असेल, त्याने जेवून घ्यावं.